नवे यंत्र आणि जुनी प्रणाली



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरील व्याख्याने ऐकली असतील, दुष्काळावरची ऐकली असतील, निवडणुकांवरची तर दरसाल ऐकत असाल. कामगार चळवळीतला एक मनुष्य येथे उभा राहून नव्या लॅपटॉपवर जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बसविण्यासंबंधी बोलणार, हे पत्रकात वाचून काहींना नवल वाटले असेल. चालकांनाही ते वाटले. त्यांनी आम्हांला ‘कंत्राटी कामगार’ हा विषय सुचविला होता. त्या विषयावर आम्ही वर्षाचे बारा महिने बोलतच असतो. तेव्हा हा दुसरा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यात पुष्कळ झाले. संगणकाची ओळख आम्हांला युनियनच्या कचेरीत, पावतीपुस्तकांच्या ढिगाशेजारी बसून झाली. म्हणून शास्त्रज्ञाच्या भाषेत बोलणे आम्हांला जमणार नाही. ज्याचे काम यंत्रावाचून अडते, त्या माणसाच्या बाजूने चार गोष्टी मांडाव्यात एवढाच आमचा हेतू आहे. आणि असा मनुष्य कारखान्यातच असतो असे नाही. छापखानेवाला, सहकारी पतपेढीचा कारकून, वकिलाकडचा टंकलेखक, शाळेचा मुख्याध्यापक, सगळे त्यातच येतात.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते पाहू. लॅपटॉप उघडला तर आत पत्रे, तारा आणि चकत्या दिसतात. हे झाले यंत्र. आपण पत्र लिहितो, हिशेब करतो, चित्र पाहतो. ती कामे करणारे कार्यक्रम निराळे. या दोहोंच्या मध्ये जी व्यवस्था बसते ती ऑपरेटिंग सिस्टिम. कारखान्याच्या भाषेत बोलायचे तर ती खात्याचा फोरमन होय. कोणत्या कामाला कोणते यंत्र द्यायचे, माल कोठे ठेवायचा, कोणी किती वेळ थांबायचे, हे तो ठरवितो. कार्यक्रम फोरमनशी बोलतो, फोरमन यंत्राशी बोलतो.

परंतु फोरमनला सगळ्या यंत्रांची भाषा येत नाही. पडद्याची भाषा वेगळी, छपाईयंत्राची वेगळी, बिनतारी जोडणीची वेगळी. म्हणून प्रत्येक भागासाठी एकेक दुभाष्या लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. आजच्या विषयाचे निम्मे मर्म या एका शब्दात आहे. जुना फोरमन नव्या खात्यात नेऊन बसविला, तर त्याच्या हुशारीत काही उणे नसते. परंतु त्याच्या ओळखीचे दुभाषे तेथे नसतात, आणि नवी यंत्रे तर त्याने कधी पाहिलेलीच नसतात. येथेच सारी ओढाताण सुरू होते.

आता कोणी विचारील की, हा उपद्व्याप करावाच कशाला? नवे यंत्र घेतले, त्यात नवी प्रणाली आली, सुखाने वापरावी. प्रश्न रास्त आहे. ज्याला पत्रे लिहायची आणि बातम्या वाचायच्या, त्याने तसेच करावे. परंतु कित्येकांचे काम जुन्या कार्यक्रमात अडकलेले असते. आपल्याकडील कित्येक पतपेढ्यांचे, दुकानांचे आणि लहान कारखान्यांचे हिशेब फॉक्सप्रोसारख्या साधनात, डॉसच्या काळात लिहिलेल्या कार्यक्रमांवर वर्षानुवर्षे चालले. असे कार्यक्रम ३२ बिटी विंडोजवर चालत. ६४ बिटी विंडोजवर ते चालत नाहीत. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटी रूपातच निघाली. छापखान्यांची कथा तशीच. लग्नपत्रिका, अहवाल, लहान गावांतली साप्ताहिके यांची जुळणी अनेकांनी पेजमेकरवर केली. त्या कार्यक्रमाची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ सालची. युनिकोड सर्वत्र रूढ होण्याआधी जे मराठी टाइप वापरात होते, त्यांत जुळविलेला मजकूर तो टाइप नसलेल्या यंत्रावर उघडला की ‘ज्ञानेश्वर’ या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कारखान्यात पाहाल तर मोजमापाची किंवा कापणीची यंत्रे वीस-वीस वर्षे उत्तम चालतात; परंतु त्यांना हुकूम देणारा संगणक विंडोज एक्सपीच जाणतो. यंत्र धडधाकट असते, संगणक मरतो, आणि दुकानात नवाच संगणक मिळतो.

म्हणजे जुन्याचा सोस हे या खटपटीचे कारण नव्हे. साठलेले काम, साठलेल्या नोंदी आणि बोटांत मुरलेले कसब या तीन गोष्टी माणसाला जुन्या प्रणालीकडे ओढतात. कळफलकावर न पाहता ज्याची बोटे चालतात, त्याला एके दिवशी सगळ्या खुंट्या हलविलेल्या खोलीत सोडले तर त्याचे काम निम्म्यावर येते. मालकाला हा तोटा दिसत नाही, कारण तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

आता अडचणी पाहू. विंडोज सातचे उदाहरण घेऊ, कारण या प्रणालीवर लोकांचा जीव फार जडला होता. ती २२ ऑक्टोबर २००९ रोजी विक्रीस आली. २०१६ नंतरच्या लॅपटॉपवर ती बसवू गेल्यास काय होते?

पहिली अडचण दाराशीच उभी राहते. पूर्वी संगणक सुरू होताच जो लहानसा कार्यक्रम जागा होई त्याला बायोस म्हणत. त्याची जागा आता यूईएफआय या नव्या व्यवस्थेने घेतली आहे. तिच्यात सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी असतो. ओळखीचा सही-शिक्का असलेल्या प्रणालीलाच तो आत सोडतो. हा पहारा २०१२ साली विंडोज आठबरोबर आला. विंडोज सातच्या हाती तो शिक्का नाही. तेव्हा पहारा उठवावा लागतो. शिवाय विंडोज सातची ६४ बिटी आवृत्ती यूईएफआयवर सुरू झाली, तरी पडद्यासाठी जुन्या बायोसची एक सेवा मागते. ती न मिळाल्यास सुरुवातीच्या चित्रापाशीच थबकते. ३२ बिटी आवृत्तीला तर सर्व व्यवस्था जुन्या पद्धतीचीच हवी. म्हणून यंत्रातील ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ ही सोय चालू करावी लागते. ही सोय २०२० पर्यंत काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ सालीच जाहीर केला होता. ज्या लॅपटॉपमध्ये ती नाही, तेथे खटपट दाराबाहेरच संपते.

दुसरी अडचण मोठी गमतीची आहे. प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन आपण यंत्र सुरू करतो. पहिला पडदा येतो, भाषा विचारली जाते, आणि पुढच्या पायरीला संगणक म्हणतो, सीडी किंवा डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही. सीडीचा तर येथे काही संबंधच नसतो. घडते असे की, यूएसबीची तिसरी पिढी २००८ च्या अखेरीस जाहीर झाली, परंतु तिचा दुभाष्या विंडोज सातच्या पेटीत घातला गेला नाही. तो आला विंडोज आठमध्ये. पुढे २०१५ साली इंटेलच्या सहाव्या पिढीबरोबर आलेल्या चिपसेटमधून जुन्या यूएसबीचा नियंत्रकच काढून टाकला. परिणाम असा की, ज्या पेन ड्राइव्हवरून प्रणाली आत आली, तो पेन ड्राइव्हच आत आल्यावर तिला दिसेनासा होतो. ज्या शिडीने वर चढलो ती पायाखालून काढून घ्यावी तसा हा प्रकार. यूएसबीचा माऊसही तेथे निश्चल पडतो. पुष्कळ लॅपटॉपचा स्वतःचा कळफलक मात्र जुन्या मार्गाने जोडलेला असतो, तो चालतो; नुसत्या टॅब आणि एंटर या कळांवर काम रेटावे लागते. यावर उपाय असा की, यूएसबीचा ड्रायव्हर आधीच प्रणालीच्या पेटीत शिरवून मग पेन ड्राइव्ह तयार करावा.

तिसरी अडचण साठवणीची. नव्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क जाऊन एनव्हीएमई जातीची साठवण आली आहे. या पद्धतीचे पहिले नियम २०११ सालचे. विंडोज सात त्याहून वडील. त्यामुळे प्रणाली बसविताना ‘डिस्क आढळली नाही’ असे उत्तर मिळते. यासाठी मायक्रोसॉफ्टने नंतर दुरुस्ती काढली होती; तीही पेटीत आधीच घालावी लागते. हे दुखणे नवे नाही. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा विक्रीस आली तेव्हा पुष्कळांनी व्हिस्टाचे लॅपटॉप घेऊन त्यांवर २००१ सालची एक्सपी चढविली. त्या वेळी साटा डिस्कच्या नव्या पद्धतीपायी निळा पडदा येई. एक्सपीचे म्हणणे, एफ-६ ही कळ दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला. आणि त्या लॅपटॉपना फ्लॉपीची खाचच नसे!

चौथी अडचण पडद्याची. नव्या पिढीच्या चित्रयंत्रणेसाठी जुन्या प्रणालीचे ड्रायव्हर निर्माते बहुधा काढीत नाहीत. मग पडदा ढोबळ दिसतो, उजेड कमीजास्त होत नाही, झाकण मिटले तरी यंत्र झोपी जात नाही, आणि बॅटरी लवकर उतरते.

पाचवी अडचण मुद्दाम घातलेली आहे. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, यापुढील नव्या प्रोसेसरना नव्यातील नव्या विंडोजवरच आधार मिळेल. त्याप्रमाणे २०१७ साली नव्या प्रोसेसरवरील विंडोज सात आणि ८.१ यांना दुरुस्त्या मिळणे बंद झाले. त्या वेळी विंडोज सातची दुरुस्तीची मुदत संपलेली नव्हती. ती १४ जानेवारी २०२० पर्यंत होती. पहिल्या चार अडचणी काळाच्या ओघात आल्या. ही पाचवी मात्र कागदावर सही करून आणलेली.

वेगसुद्धा अडचण होऊ शकतो. १९९८ च्या सुमारास ३५० मेगाहर्ट्झ आणि त्याहून चपळ असा एएमडीचा के-६-२ प्रोसेसर निघाला, तेव्हा त्यावर विंडोज ९५ सुरू होतानाच कोसळे. कारण असे की, यंत्राचा वेग मोजण्यासाठी त्या प्रणालीचा एक भाग ठराविक फेऱ्या मारी आणि त्यास लागलेल्या वेळाने भागाकार करी. यंत्र इतके चपळ झाले की वेळ शून्य भरला, आणि शून्याने भागता येत नाही, हे आपण चौथीत शिकलो आहोत. कामाचा वेग दुप्पट केला की उत्पादन दुप्पट होते असे समजणाऱ्या व्यवस्थापकांना ही कथा आम्ही अनेकदा सांगितली आहे.

या अडचणींच्या पोटी काय पणाला लागते, याचे एक उदाहरण देतो. आमच्या भागातील एक कारखाना २०१८ साली बंद झाला. नाव सांगण्याचे कारण नाही. चाळीसएक कामगारांना ग्रॅच्युइटी नाकारण्यात आली. कारण दिले की, त्यांची सेवा सलग नव्हती. त्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांची सलग सेवा दाखवावी लागे, आणि वर्षाचे २४० दिवस काम भरले तर ते वर्ष सलग धरले जाई. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, असा तो हक्क. वीस वर्षे राबलेल्या माणसाला ती रक्कम म्हणजे मुलीचे लग्न किंवा घराचे छप्पर. कारखान्याचे हजेरीपट मिळेनात. परंतु कामगारांची पतपेढी कर्जाचा हप्ता ठरविण्यासाठी प्रत्येक सभासदाचे दर महिन्याचे भरलेले दिवस नोंदवीत असे. त्या नोंदी डॉसच्या एका कार्यक्रमात होत्या. पतपेढीचा संगणक बंद पडलेला. डिस्क मात्र शाबूत.

वर्गणी काढून नवा लॅपटॉप आणला. त्यात ६४ बिटी विंडोज १०. डिस्कवरील फायली नव्या यंत्रावर उतरल्या, तक्ते उघडलेही. लिब्रेऑफिससारखा फुकट कार्यक्रम तसले तक्ते उघडतो. परंतु भरलेले दिवस सांकेतिक आकड्यांत लिहिलेले होते, आणि त्यांचा उलगडा करण्याची किल्ली त्या जुन्या कार्यक्रमातच होती. तो लिहिणारा तरुण नोकरीच्या शोधात दूरदेशी गेलेला. आमच्या एका सभासदाची मुलगी तेव्हा डिप्लोमाला होती. ती म्हणाली, “काका, कार्यक्रम नव्यात येत नसेल तर नव्याला जुन्यासारखं करू.” चार रात्री ती, तिचे वडील आणि आम्ही कचेरीत बसलो. सीएसएम चालू केले, यूएसबीचा ड्रायव्हर पेटीत घातला, ३२ बिटी विंडोज सात चढविली. पडदा ढोबळच राहिला, पण कार्यक्रम उघडला. मग छपाईचा प्रश्न. डॉसचा कार्यक्रम ‘एलपीटी-१’ या जुन्या तोंडाकडे कागद मागतो आणि लॅपटॉपला ते तोंडच नाही. यूएसबीचे छपाईयंत्र सामाईक करून ‘नेट यूज’ या आज्ञेने ते एलपीटी-१ च्या नावावर लावले, तेव्हा पहिला कागद बाहेर आला. त्यावर एका फिटरचे नाव, वर्ष आणि दिवस: २७१. त्याच्या घरी तो कागद पुष्कळ दिवस देवापुढे ठेवलेला होता.

त्या नोंदींवर अखेर तडजोड झाली. बहुतेकांचे पैसे मिळाले. तिघांच्या नोंदी मुळातच अपुऱ्या होत्या. त्यांचे भांडण पुढे चालले. लॅपटॉपने न्याय दिला असे आम्ही म्हणणार नाही. पुरावा कुलूपबंद होता, तो बाहेर आला, एवढेच.

आता ज्यांना असे काम करावयाचे असेल त्यांच्यासाठी क्रम सांगतो. प्रथम यंत्रावर जे आहे त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मूळ प्रणाली परत आणण्याचा पेन ड्राइव्ह करून ठेवावा. डिस्क सांकेतिक कुलपात असेल तर तिची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. बायोसची मांडणी बदलताच यंत्र ती किल्ली मागते. दुसरे, परवाना पाहावा. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोज १० च्या ‘प्रो’ आवृत्तीच्या परवान्यात ८.१ प्रो आणि सात प्रोफेशनल यांपर्यंत मागे जाण्याचा हक्क त्या आवृत्त्यांची मुदत असेपर्यंत होता. ‘होम’ आवृत्तीच्या परवान्यात तो नव्हता. चोरीची प्रत घेऊन हक्काची लढाई लढू नये. तिसरे, सर्व ड्रायव्हर आधी जमवावेत. नाहीतर बिनतारी जोडणीचा ड्रायव्हर आणण्यास बिनतारी जोडणी हवी, असा पेच पडतो. हे झाल्यावरच सिक्युअर बूट बंद करणे, पेन ड्राइव्ह तयार करणे आणि प्रणाली चढविणे ही कामे हाती घ्यावीत. डिस्कचे भाग पाडताना तीनदा वाचून मग कळ दाबावी.

परंतु याहून सोपा एक मार्ग आहे, आणि शक्य तेथे तोच धरावा असे आमचे मत आहे. नव्या प्रणालीच्या आत एक काल्पनिक यंत्र उभे करता येते. व्हर्च्युअलबॉक्ससारखा कार्यक्रम हे करतो. त्या यंत्राला वाटते की आपण जुन्या काळातले साधे संगणक आहोत. जुनी डिस्क, जुना पडदा, जुनी यूएसबी. त्यात एक्सपी किंवा विंडोज सात निमूटपणे चालते. ड्रायव्हरची मारामारी नाही, मूळ यंत्राला धक्का नाही, आणि सगळे मिळून एका फायलीत राहते. तिची नक्कल काढून दुसऱ्या यंत्रावर नेता येते. कारखान्यातील यंत्राला थेट जोडणी हवी असेल किंवा लॅपटॉपची ताकदच थोडी असेल, तरच पहिल्या मार्गाने जावे.

आणि एक इशारा. ज्या प्रणालीची दुरुस्ती बंद झाली तिला इंटरनेटवर नेऊ नये. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची साथ जगभर पसरली. फायली कुलूपबंद करून ती खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत त्या दिवशी तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, परंतु पुष्कळांनी ती लावली नव्हती. आणि बाधितांत विंडोज सातचीच यंत्रे फार होती. एक्सपीची मुदत तर ८ एप्रिल २०१४ रोजी संपली होती, तरी त्या संकटात तिच्यासाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. आपल्याकडे एटीएम यंत्रांत एक्सपी इतकी मुरली होती की, रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बँकांना मुदत घालून द्यावी लागली: जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे बदला. तेव्हा जुनी प्रणाली ठेवा, पण तिला घरातल्या वृद्धाप्रमाणे सांभाळा. तिची तार काढून ठेवा, बँकेचे व्यवहार तिच्यावर करू नका, कोणाचाही पेन ड्राइव्ह तिला लावू नका.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. यंत्राचे आयुष्य कोणी ठरवावे? आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये एक लेथ आहे. तो मालकाच्या वडिलांनी जुन्या बाजारातून आणला. आजही तो सुतासारखा चालतो. पट्टा बदलतात, बेअरिंग बदलतात, तेल घालतात. लेथ बनविणाऱ्याने कधी पत्र पाठविले नाही की, अमुक तारखेपासून तुमच्या लेथला लोखंड कापता येणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तारखेचा कागद येतो. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यापुढची विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षाचकती आणि ठराविक पिढीपुढील प्रोसेसर मागते. लॅपटॉपचा पडदा शाबूत, कळफलक शाबूत, स्मरणशक्ती पुरेशी; तरी तो अपात्र. धडधाकट कामगाराला अठ्ठावन्न वर्षे भरली म्हणून घरी बसवितात. येथे तर आठव्या-नवव्या वर्षीच ती पाळी येते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युनियनचा मनुष्य झाला म्हणून एकाच बाजूने बोलू नये. जुन्या प्रणालीची निगा राखणे फुकट होत नाही. तिच्यातील भोके शोधणारे, ड्रायव्हर लिहिणारे, तेही कामगारच आहेत. त्यांच्या तासांचा पगार कोणीतरी द्यावाच लागतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रत्येक यंत्रासाठी जन्मभर दुरुस्ती द्या, अशी मागणी कोणत्याही वाटाघाटीत टिकणार नाही. सिक्युअर बूटमुळे काही जातीचे हल्ले खरोखरच थांबतात. तेव्हा जुने ते सोने ही आमची घोषणा नाही.

आमच्या मागण्या चार आहेत आणि त्या माफक आहेत. पहिली: यंत्र विकतानाच खोक्यावर छापावे की, त्याला दुरुस्ती कोणत्या सालापर्यंत मिळेल. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, लॅपटॉपच्या खोक्यावर का असू नये? दुसरी: मुदत संपली तरी जुने ड्रायव्हर आणि जुनी पुस्तिका काढून टाकू नये, त्या ठेवण्यास कपाटभर जागाही लागत नाही. तिसरी: दाराच्या पहारेकऱ्याची किल्ली यंत्र विकत घेणाऱ्याच्या हाती असावी. साध्या लॅपटॉपवर हा पहारा बहुधा उठविता येतो. परंतु २०१२ साली एआरएम जातीच्या प्रोसेसरवरील विंडोज यंत्रांत तो उठविण्याची मुभाच ठेवली नव्हती, हे विसरता कामा नये. चौथी: जनतेच्या नोंदी, मग त्या सरकारी असोत, पतपेढीच्या असोत की युनियनच्या, कोणत्याही एका कार्यक्रमाच्या पोटात अडकवू नयेत, सर्वांना वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात ठेवाव्यात. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळही उघडले. पाऊल चांगले पडले. परंतु पोर्टलवर निर्मात्याचा पत्ता मिळणे आणि न्यायालयात हक्क मागता येणे यांत अंतर आहे. ते अंतर संघटित ग्राहकच कापू शकतील, जसे कामाच्या तासांचे अंतर संघटित कामगारांनी कापले.

चौथी मागणी आपणांस कोणाकडे मागावीही लागत नाही. ती आजच अमलात आणता येते. आपल्या संस्थेच्या कपाटात जो जुना संगणक आहे, तो चालू आहे तोवरच त्याच्यातील नोंदी बाहेर काढा. साध्या मजकुराच्या फायली करा, मराठी मजकूर युनिकोडात आणा, महत्त्वाचे ते कागदावर छापा, आणि दोन प्रती दोन जागी ठेवा. जुनी प्रणाली नव्या यंत्रावर चढविण्याची विद्या उपयोगी आहे. परंतु तिची गरज न पडावी अशी तजवीज करणे अधिक शहाणपणाचे. औषध माहीत असावे आणि पथ्यही पाळावे.

शेवटी तरुणांसाठी दोन शब्द. हे काम कोणी वर्गात शिकवीत नाही. ज्याला नवे येते पण जुने येत नाही तो अर्धा कारागीर. ज्याला जुने येते पण नवे शिकायचे नाही तोही अर्धाच. कारखान्यात जुना फिटर आणि नवा शिकाऊ एका बाकावर बसले म्हणजे दोघांचे मिळून एक पूर्ण ज्ञान होते. आपल्या गावात असे बाक निघावेत: वाचनालयात, युनियनच्या कचेरीत, शाळेच्या ओसरीवर, जेथे जुनी यंत्रे उघडली जातील आणि त्यांतले माणसांचे हिशेब सोडविले जातील. आमच्या कचेरीचा बाक दर रविवारी सकाळी मोकळा असतो. ज्यांच्या कपाटात असे एखादे बंद यंत्र असेल त्यांनी ते घेऊन यावे.